खर्च निम्मा-निम्मा, मग कार्डाचं बिल कुणाचं?

प्रश्न : लग्नाला तीन वर्षं झाली. वाकडला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो. मिस्टरांचा हातात येणारा पगार 58,000, माझा 42,000. घरखर्च साधारण 50,000 येतो आणि पहिल्यापासून तो निम्मा-निम्मा ठरलाय. मिस्टरांच्या दोन क्रेडिट कार्डांवर 1,18,000 आणि 54,000 थकलेत. थोडं लग्नाआधीचं, थोडं फर्निचर, एक फोन, बाकीचं त्यांनाही नीट सांगता येत नाही. बिलावरचं मिनिमम, म्हणजे किमान भरायची रक्कम, मात्र ते न चुकता भरतात. त्यांची कार्डं भरलेली, म्हणून किराणा, वीजबिल, वायफाय माझ्या कार्डावर जातं. त्यांच्या वाट्याचे पैसे कधी दहा तारखेला मिळतात, कधी वीसला, कधी अर्धेच. आता माझ्या कार्डावरही 38,000 झालेत. त्यांचा पगार 1 तारखेला होतो, माझा 7 ला, आणि भाडं 5 ला द्यावं लागतं. ते गावी 6,000 पाठवतात. मी आईला 2,000 पाठवते, हे त्यांना माहीत नाही. माझी 80,000 ची एफडी आहे आणि बँकेकडून 2 लाखांच्या प्री-अप्रूव्ह्ड लोनचे मेसेज येतायत. लोन काढून सगळं एकदम मिटवू का? सासूबाई म्हणतात, नवऱ्याचं कर्ज ते बायकोचंच. आणि वाटा निम्माच धरावा की पगाराप्रमाणे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लोन तुमच्या नावावर काढू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण प्री-अप्रूव्ह्ड लोनचे पैसे दोन क्लिकमध्ये खात्यात येऊन पडतात, म्हणून हे आधी सांगितलं.

दुसरी गोष्ट आजच करायची. तुमचं कार्ड किराणा, वीजबिल, वायफाय यातल्या कशालाही वापरू नका. ‘पुढच्या महिन्यात भरूच की’ या भरवशावर तुम्ही ते वापरताय, पण तो भरवसा तुमच्या बाबतीत संपलाय. कार्डावर 45-50 दिवस बिनव्याजी मिळतात ते मागचं बिल पूर्ण भरणाऱ्याला. मागचं थोडं जरी राहिलं, तरी नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज धावायला लागतं. समजा 3 जूनला 6,000 चा किराणा भरला, 15 जूनला स्टेटमेंट निघालं आणि 5 जुलैला तुम्ही त्या 6,000 चे पैसे दिले. तुमच्या मते हे वेळेत झालं. बँकेच्या मते 32 दिवस झाले. महिना साडेतीन टक्के दराने 221 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 40 रुपये. 6,000 ची डाळ-तांदूळ-तेलाची पिशवी 6,261 ला पडली, आणि ॲपने 60 रुपये कॅशबॅक दिला म्हणून आपण खूश. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महागडा भाग हाच आहे. मिस्टरांचं जुनं कर्ज मोठं दिसतं खरं, पण ते निदान एका जागी आहे. तुमचं दर आठवड्याला वाढतंय आणि त्यात फर्निचर नाही, घरातलं रोजचं जेवण आहे.

आता एक काम दोघांनी मिळून करायचं, त्याला तासभर लागेल. तिन्ही कार्डांची मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट काढा. ईमेलवर आलेली पीडीएफ असते, पासवर्ड बहुधा नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. नेमका कसा ते त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं. छापून घेतलीत तर उत्तम. पहिल्या पानावरचा मिनिमम ड्यूचा ठळक आकडा सोडून द्या आणि आतल्या यादीत जाऊन चार प्रकारच्या ओळींखाली पेनने रेघ मारा : फायनान्स चार्जेस किंवा इंटरेस्ट, त्याच्याखालचा जीएसटी, लेट फी, आणि दरमहा आपोआप कापले जाणारे छोटे पैसे (ओटीटी, क्लाउड स्टोरेज, कधीतरी फुकट ट्रायल म्हणून घेतलेलं एखादं ॲप). मग फक्त व्याज आणि जीएसटीची बेरीज करा.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून आम्ही ती साधारण मांडून पाहिली. मोठ्या कार्डाचा दर महिना 3.75 टक्के आणि बाकी दोन कार्डांचा 3.5 धरला, बहुतेक बँकांचे दर याच आसपास असतात, तुमचे नेमके स्टेटमेंटवर सापडतील. मिस्टरांच्या दोन कार्डांवर मिळून व्याज 6,315, जीएसटी धरून सुमारे 7,450. तुमच्या कार्डावर सुमारे 1,570. घरातून महिन्याला 9,000 रुपये जातायत आणि त्या बदल्यात काहीच येत नाहीये. वीज, गॅस, वायफाय आणि घरकामाच्या मावशींचा पगार एकत्र केला तरी तो पुण्यात तुमच्यासारख्या घरात एवढा होत नाही.

‘मिनिमम न चुकता भरतात’ याचाही अर्थ बघून घ्या. 1,18,000 वर 5 टक्के मिनिमम म्हणजे 5,900. त्यातले 4,425 व्याजात गेले, 797 जीएसटीत. मुद्दल फिटलं 678 रुपये. त्याच महिन्यात त्या कार्डावर 700 चं पेट्रोल भरलं, तर कर्ज होतं तिथेच. मिनिमम भरण्याने लेट फी वाचते आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, थकबाकीचा डाग पडत नाही, एवढाच त्याचा उपयोग. यात मिस्टरांचा निष्काळजीपणा कमी आणि बिलाची रचना जास्त आहे, हे त्यांच्याशी बोलताना लक्षात ठेवा. जो माणूस दर महिन्याला 8,600 भरतो, तो आपण फेडतोय असंच समजत असतो.

आता वाट्याचं. निम्मा-निम्मा ऐकायला सरळ वाटतो. 25,000 म्हणजे तुमच्या पगारातले जवळजवळ 60 टक्के आणि त्यांच्यातले 43. उत्पन्नांत एवढा फरक असताना निम्मा वाटा कमी कमावणाऱ्याला कार्डाकडे ढकलतो, आणि तुमच्याकडे तेच झालंय. आमचं मत स्पष्ट आहे : वाटा पगाराच्या प्रमाणात. तुमच्या दोघांच्या पगाराची बेरीज बरोबर एक लाख येते, त्यामुळे गणित सोपं. 58 आणि 42 टक्के. 50,000 मधले त्यांचे 29,000, तुमचे 21,000.

तुम्ही म्हणाल, ते कर्जात असताना त्यांच्यावर अजून 4,000 टाकायचे? फेडायला उरेल काय? शंका रास्त आहे. पण ते 4,000 आत्ताही कुठूनतरी येतायतच. ते तुमच्या कार्डावरून येतायत, 42 टक्के वार्षिक व्याजाने, आणि वर जीएसटी. घरातल्या एकाचं कर्ज फेडायला दुसऱ्याने तितक्याच महाग दराने उचल घ्यायची, यात घराचा काहीच फायदा नाही. आणखी एक चूक लोक हमखास करतात. वाटा काढताना कर्जाचा हप्ता वजा करून मग पगार धरतात, म्हणजे ‘माझे 58 असले तरी हातात 49 च राहतात’. तसं केलं की ज्याने जास्त उधारी केली त्याचा घरखर्चातला वाटा कमी होतो. प्रमाण पूर्ण पगारावरच काढा. जुनं कर्ज ज्याचं त्याने उरलेल्यातून फेडायचं.

50,000 नेमके कशाचे, हे मात्र कागदावर यायला हवं. तुम्ही एकच आकडा कळवलाय, त्यामुळे आम्ही एक नमुना देतो, तुमचे आकडे घालून बदला. भाडं 22,000. किराणा, दूध, भाजी 13,000. मावशी 3,500. वीज 1,600, गॅस 500, वायफाय 800. बाहेरचं खाणं 3,600. झाले 45,000. उरलेले 5,000 आहेत वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाचे : मेडिक्लेमचा हप्ता, गाडीचा विमा, दिवाळी, लग्नकार्यातले आहेर, वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस, भाडेकरार नवा करताना लागणारा खर्च. ही ओळ बहुतेकांच्या यादीत नसते. मग ऑक्टोबर उजाडला की ‘या महिन्यात जरा जास्तच झालं’ म्हणून कार्ड बाहेर येतं. दिवाळी दरवर्षी येते, तिला अचानक आलेला खर्च म्हणता येत नाही. हे 5,000 वेगळ्या आरडीत टाका.

विजेचं बिल दर महिन्याचं धरू नका, बारा महिन्यांची सरासरी धरा. महावितरणच्या ॲपवर मागचा वापर दिसतो. एप्रिल-मेमध्ये कूलर-एसी चालू झाला की युनिटं वरच्या टप्प्यात जातात आणि त्या युनिटांचा दरही चढतो, त्यामुळे बिल दीडपट नव्हे तर दुप्पट वाटतं. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं. ज्या महिन्यात ते येत नाही त्या महिन्यातले 500 खात्यातच राहू द्यायचे, वडापावात जाऊ द्यायचे नाहीत.

गावी जाणारे पैसे हा नाजूक विषय. त्यांचे 6,000 आणि तुमचे 2,000 एकाच नियमात बसवा. एकतर दोन्ही घरखर्चात, नाहीतर दोन्ही स्वतःच्या पैशातून. एका घराची मदत ‘कर्तव्य’ आणि दुसऱ्या घराची गुपचूप, असं नको. सध्या कर्ज असताना दोन्ही स्वतःच्या पैशात ठेवा, म्हणजे कुणी कुणाला विचारायचं नाही. पण आईचे 2,000 कागदावर येऊ द्या. त्यांना त्यांच्या कार्डाचा प्रत्येक रुपया दाखवायला सांगायचं आणि आपले दोन हजार झाकायचे, तर ती बैठक पहिल्या दहा मिनिटांत मोडेल.

व्यवहार असा बसवा. घरखर्चाचं एक जॉइंट खातं उघडा, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने वापरू शकेल असं. ‘जॉइंटली’ लिहिलंत तर प्रत्येक व्यवहाराला दोघांच्या सह्या लागतील आणि यूपीआय चालणार नाही. दोघांचे मोबाइल नंबर खात्याला नोंदवा, मग दोघांच्याही फोनवर तेच खातं यूपीआयला जोडता येईल. आणि एक खबरदारी : हे खातं ज्या बँकांची मिस्टरांची कार्डं आहेत त्या बँकेत नको. उद्या एखादा हप्ता चुकला, तर थकबाकीपोटी बँक आपल्याकडच्या खात्यातली रक्कम अडवून ठेवू शकते, आणि भाड्याच्या दिवशी ते कळणं फार वाईट.

त्यांच्या पगाराच्या खात्यातून 2 तारखेला 29,000 आणि तुमच्या खात्यातून 8 तारखेला 21,000 या खात्यात आपोआप जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा. ‘मी पाठवतो’ हा शब्द घरातून गेला पाहिजे, कारण तुमचं निम्मं भांडण वाट्यापेक्षा तारखेचं आहे. भाडं 5 ला, तुमचा पगार 7 ला. आत्तापर्यंत ते दोन दिवस तुमचं कार्ड भरून काढत होतं. त्यांच्या 29,000 मधून 22,000 भाडं गेलं की 7,000 उरतात, तेवढ्यात 8 तारीख येते. किराणा, मावशींचा पगार आणि बाकीची बिलं 8 नंतर. पहिल्या महिन्यात तुमच्या एफडीतून 5,000 या खात्यात तळाला ठेवून द्या आणि ते नाहीतच असं समजा. मागचा महिना कितीला पडला याची वही हवी तर ठेवा, पण या रचनेत खात्यातली शिल्लक हीच वही. 24 तारखेला 2,100 दिसले, तर उरलेला आठवडा मटकी-भात आणि घरातली पीठं.

यूपीआय उघडून एकदा बघा, त्याला रुपे क्रेडिट कार्ड जोडलेलं आहे का. असेल तर ते काढून टाका. भाजीवाल्याच्या क्यूआरवर कोथिंबिरीची जुडी क्रेडिटवर जाते आणि आपल्याला कळतही नाही. दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपमध्ये, जेवण मागवायच्या ॲपमध्ये, खरेदीच्या साइटवर साठवलेली कार्डं डिलीट करा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बंद करायची बटणं असतात, ती तिन्ही कार्डांना बंद करा. कार्ड कात्रीने कापायचं नाटक करायची गरज नाही. ॲपमध्ये साठवलेलं असलं तर कापलेलं कार्डही चालतं. फक्त त्याआधी वायफाय, मोबाइल, विमा यातलं काय कार्डावरून आपोआप जातं ते बघून जॉइंट खात्यावर हलवा, नाहीतर विम्याचा हप्ता फेल जाईल.

आता कर्जांकडे. तुमचं आधी.

तुमचे 38,000 एफडीतून भरून टाका, याच आठवड्यात. एफडी मोडायला जीव तुटतो हे मान्य आहे. पण 38,000 वर एफडी महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास व्याज देते आणि तेवढ्याच रकमेवर कार्ड 1,570 घेतं. मुदतीआधी मोडल्याचा दंड बहुधा अर्धा ते एक टक्का असतो, तो एकदाच. राहिलेल्या रकमेतले 5,000 वर सांगितल्याप्रमाणे जॉइंट खात्यात गेले की सुमारे 37,000 उरतात. त्याच्या दोन वेगळ्या एफडी करा. पुढे कधी गरज लागली तर एकच मोडावी लागते. हे 37,000 तुमची अडचणीची पुंजी आहे. मिस्टरांच्या कार्डात एक रुपयाही ओतू नका. ओतलंत तर पुढच्या आजारपणाला पुन्हा कार्डच बाहेर येईल.

पूर्ण भरल्यानंतर पुढच्या स्टेटमेंटवर आणखी काही शे रुपये व्याज आलेलं दिसेल. घाबरू नका. स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं, शेपूट म्हणा. तेही पूर्ण भरा. लोक ‘सगळं भरलं’ म्हणून ते स्टेटमेंट उघडतच नाहीत आणि तीनशे रुपयांवर लेट फी लावून घेतात.

त्या 38,000 मधले किती घरचे आणि किती तुमचे स्वतःचे, हे एकदाच काढा. घरचे समजा 30,000 निघाले, तर 58 टक्क्यांनी 17,400 मिस्टरांच्या वाट्याचे. कागदावर लिहा, तारीख घाला आणि त्यांचं कार्डाचं कर्ज फिटल्यावर ते परत करतील असं ठरवा. मागच्या तीन वर्षांचा हिशेब उकरू नका. त्याला अंत नाही.

आता त्यांचे 1,72,000. सासूबाईंचं म्हणणं आधी निकाली काढू. कायद्याने क्रेडिट कार्डाचं कर्ज कार्डधारकाचं असतं. तुम्ही सहकर्जदार नाही, जामीन नाही, तर बायको आहे एवढ्यावरून बँक तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. वसुली एजंटांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि घरच्यांना त्रास देण्यालाही. पण तुम्ही तो 2 लाखांचा मेसेज स्वीकारलात, तर त्या क्षणी ते कर्ज पूर्णपणे तुमचं होतं. हप्ता चुकला तर सिबिल तुमचा खाली येतो, आणि उद्या घर घ्यायचं ठरलं तर होम लोनला तुमचीच पात्रता कमी पडते. नातं कसंही असो, दोघांपैकी एकाचं क्रेडिट रेकॉर्ड स्वच्छ असणं हीच घराची खरी शिल्लक आहे.

लोन काढायचंच तर त्यांच्या नावावर. 29,000 घरखर्चाला दिल्यावर त्यांच्याकडे 29,000 राहतात. गावचे 6,000 गेले. पेट्रोल, फोन, चहापाणी, गाडीचा हप्ता असेल तर तो, असे 11,000 धरले तर 12,000 फेडीला उरतात. हेच 12,000 दर महिन्याला थेट कार्डांत भरले, एकही नवी खरेदी न करता, तर जवळपास 23 महिने लागतील आणि व्याज-जीएसटी मिळून लाखाच्या वर जाईल. त्याऐवजी 15 टक्क्यांनी पर्सनल लोन मिळालं असं धरा. 1,72,000 चं काढू नका, कमी पडेल : प्रोसेसिंग फी कापूनच रक्कम हातात येते आणि कार्डाची शेपूटही भरायची असते. 1,80,000 चं काढलं, 2 टक्के फी आणि त्यावरचा जीएसटी मिळून 4,248 कापले, तर 1,75,750 हातात येतात. दीड वर्षाची मुदत घेतली तर हप्ता 11,230 च्या आसपास. एकूण व्याज 22,000, फी धरून 26,400. लाखाच्या जागी साडेसव्वीस हजार, आणि सुटका पाच महिने आधी.

मुदत एका वर्षाची घेऊ नका. आकड्यांत ती स्वस्त दिसते, पण हप्ता 16,000 च्या वर जातो आणि दुसऱ्याच महिन्यात बाउन्स होतो. तीन वर्षांची नको, कारण हप्ता हलका वाटला की उरलेले पैसे कुठे जातात ते तुम्ही तीन वर्षं बघताच आहात. सही करण्याआधी विचारा, वेळेआधी फेडलं तर किती दंड. आणि लोनच्या सोबत गळ्यात मारलेला विमा नको म्हणून सांगा.

कार्डं भरलेली असल्यामुळे त्यांचा सिबिल स्कोअर खाली असू शकतो आणि लोन नाकारलं जाऊ शकतं. चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि स्कोअर आणखी घसरतो. नकार आलाच तर ज्या बँकेचं कार्ड त्याच बँकेला थकीत रक्कम ईएमआयमध्ये बदलून मागा. 16 टक्क्यांनी 18 महिन्यांत दोन्ही कार्डं बदलली, तर हप्ते मिळून 10,800 होतात. मात्र कार्डाच्या ईएमआयमध्ये व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, पर्सनल लोनच्या व्याजावर तो नसतो. त्यामुळे 16 टक्के प्रत्यक्षात 19 च्या जवळ पडतात. तरीही महिना साडेतीन-पावणेचार टक्क्यांपेक्षा कितीतरी बरं. दोनपैकी एकच कार्ड बदलून देतायत तर मोठं, 3.75 वालं आधी. दागिने गहाण ठेवायचा विषय कुणी काढला तर लक्षात असू द्या, स्त्रीधन तुमचं आहे आणि वरचे दोन रस्ते बंद झाल्याशिवाय तिकडे वळायची गरज नाही. ‘सेटलमेंट करून टाका, निम्म्यात मिटवू’ असा फोन आला तरी भुलू नका. सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची कित्येक वर्षं कर्ज मागताना तो आडवा येतो.

सगळ्यात मोठा धोका लोन मिळाल्यानंतरचा आहे. पैसे भरले की दोन्ही कार्डांवर 1,72,000 ची मोकळी जागा तयार होते. आणि वर्षभरात ती पुन्हा भरते. मग लोनचा हप्ताही आणि कार्डाचं मिनिममही. म्हणून त्याच आठवड्यात लहान कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. शेपटीसकट सगळं भरलेलं असेल तर बँकेने कामाच्या 7 दिवसांत ते बंद करायचं असतं; उशीर झाला तर रोज 500 रुपये ग्राहकाला देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मोठं कार्ड जुनं असेल तर राहू द्या, पण त्याची मर्यादा 30,000 वर आणून ठेवा.

तुमचं कार्ड वर्षभराने पुन्हा वापरायचं ठरवलंत, तर बँकेकडून स्टेटमेंटची तारीख बदलून घ्या. निदान एकदा ती बदलून मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तारीख 20 च्या आसपास असली की भरायची मुदत तुमच्या पगारानंतर येते. आणि ऑटो-पे लावताना ‘मिनिमम अमाउंट’ निवडलेलं नाही ना, हे दोनदा बघा.

मिस्टरांशी बोलताना कर्जाच्या आकड्याने सुरुवात करू नका, तो त्यांना पाठ आहे आणि त्याची लाजही आहे. ‘अहो, आपल्या घरातून महिन्याला नऊ हजार नुसते व्याजात जातायत, त्यातले दीड हजार माझ्या कार्डाचे’, असं स्वतःच्या कार्डापासून सुरू करा. रेघा मारलेली स्टेटमेंट पुढ्यात ठेवा. आणि दिवस 9 तारखेचा निवडा : दोघांचे पगार झालेले असतात, भाडं गेलेलं असतं, आणि खात्यात पैसे दिसत असताना माणूस जरा शांतपणे ऐकतो.